टायर मोठे घातले, काटा जीपीएसला जुळला, मग किलोमीटर कमी का पडतात?

टोमॅटोवाला_जुन्नर

नमस्कार मंडळी. माझी बोलेरो पिकअप आहे. नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटोच्या खेपा असतात. गाडीचे मूळ टायर २१५/७५ आर१५ होते. दसऱ्याला चारही बदलायला झाले होते. पावसात शेताच्या वाटेवर गाडी बसते म्हणून टायरवाल्याच्या सांगण्यावरून २३५/७५ आर१५ घातले. रिम तीच. कुठे घासत नाही, चिखलातून आधीपेक्षा बरी निघते.

घोळ असा झालाय. आधी मीटरवर ८० असताना मोबाईलच्या जीपीएसवर ७७ दिसायचे. आता ८० ला बरोबर ८०. मला वाटलं, चला, काटा सुधारला. पण वाशीची खेप येऊन-जाऊन मीटरवर ३१२ किमी भरायची, ती आता २९९ भरते. रस्ता तोच, पंप तोच, गाळा तोच.

काटा बरोबर झाला तर किलोमीटर चुकतात कसे? आणि दुरुस्त करायचं तर कुणाकडे जायचं? सर्व्हिस सेंटरला विचारलं, ते म्हणाले आमच्या मशीनमध्ये टायरचा साईज बदलायची सोय या गाडीला नाही, जुने टायर घाला.

वळणावरचा_ढाबा

चारही एकदम बदललेत ना? आणि स्टेपनी?

टोमॅटोवाला_जुन्नर

चारही. स्टेपनी जुनीच आहे, २१५ ची. फारशी वापरलेली नाही.

गणित_मास्तर

आकडे मांडून बघू. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे ते. शेवटचा रिमचा व्यास, इंचात.

जुना टायर: १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. भिंत २१५ च्या ७५ टक्के, म्हणजे १६१.२५. ती वर एकदा आणि खाली एकदा धरायची. एकूण व्यास ७०३.५ मिमी.

नवा टायर: ३८१ मध्ये १७६.२५ दोनदा मिळवा. ७३३.५ मिमी.

भागाकार येतो १.०४२६. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी आता सव्वाचार टक्के जास्त पुढे जाते. मीटरला रस्ता दिसत नाही, तो फक्त फेरे मोजतो. फेरे कमी झाले, म्हणून त्याच्या हिशेबाने अंतरही कमी झालं. ३१२ ला १.०४२६ ने भागून बघा, २९९.२ येतात. तुमचं निरीक्षण अगदी चोख आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या. व्यास ३० मिमीने वाढला, पण गाडी उंच झाली ती १५ मिमीच, कारण अर्धा टायर अॅक्सलच्या वर असतो.

कोकण_लाईन

मी म्हणतो सोडून द्या. काटा जीपीएसला जुळतोय, म्हणजे वेगाचं चलन येणार नाही. कशाला हात लावता? मीटरच्या मागचं वायरिंग एकदा कापलं की गाडीला कायमचं दुखणं लागतं. माझ्या आधीच्या टेम्पोला लागलं होतं. पावसाळा आला की काटा नाचायचा.

गणित_मास्तर

@कोकण_लाईन, वायरिंगची भीती रास्त आहे, त्यावर पुढे बोलूच. पण काटा जुळला म्हणजे सगळं जुळलं, हे मला पटत नाही. मूळ प्रश्न तिथेच आहे.

गाडीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेग दाखवणारा काटा आणि किलोमीटर मोजणारा ओडोमीटर. दोघांना एकाच सेन्सरकडून खबर मिळते, पण काट्याला कारखान्यातच थोडं वर ठेवलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात लिहिलंय की स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. जास्त दाखवलेला मात्र दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत चालतो. म्हणून जगभरातले कारखाने काटा मुद्दाम वर ठेवतात. टायर नवा असो की झिजका, हवा कमी असो की जास्त, कमी वेग दाखवला असं व्हायला नको.

ओडोमीटरला अशी सूट ठेवलेली नसते, तो बराचसा खरा मोजतो. तुमचे टायर मोठे झाले तेव्हा काट्याची ती सूट संपली, म्हणून तो जीपीएसला जुळला. ओडोमीटर आधी बरोबर होता, तो आता सव्वाचार टक्क्यांनी खोटा झाला. दोन्ही एकाच कारणाने झालं.

टोमॅटोवाला_जुन्नर

हे पहिल्यांदाच नीट कळलं. मनापासून धन्यवाद सर.

नाना_गॅरेज

मास्तरांनी सोपं करून सांगितलं. माझे दोन शब्द, चाळीस वर्षांच्या हातचे.

जुन्या गाड्यांना केबल असायची. गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, त्यात फिरणारी पिनियन म्हणजे प्लॅस्टिकचं छोटं दातेरी चाक, तिथून केबल थेट मीटरपर्यंत. मीटरच्या आत लोहचुंबक फिरतं आणि त्याच्यावर अॅल्युमिनियमची वाटी असते. चुंबक वाटीला कुठेच टेकत नाही, तरी तिला आपल्यामागे ओढतं. वाटीला केसासारखी बारीक स्प्रिंग असते, ती तिला धरून ठेवते. या ओढाओढीत काटा जिथे थांबेल तो वेग. ऑटो शुल्झ नावाच्या जर्मन माणसाने १९०२ साली याचं पेटंट घेतलं. शंभर वर्षं जगातल्या गाड्या त्याच्यावर चालल्या. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच केबलवरच्या दातेरी चाकांनी फिरायचे, त्यांचा चुंबकाशी संबंध नाही.

आता लोक काय करायचे, मीटर उघडून काटा उपटायचा आणि अंदाजाने पुढेमागे बसवायचा. गिऱ्हाईक खूश. पण किलोमीटर तसेच चुकीचे, कारण दातेरी चाकांना काट्याचा पत्ताच नाही. मी हे काम कधी केलं नाही. खरा उपाय पिनियनचे दात. टायर मोठा झाला तर कमी दातांची पिनियन टाकायची, म्हणजे केबल जोरात फिरते. २० दात असतील आणि टायर सव्वाचार टक्के मोठा असेल तर हिशेबाने पाहिजेत १९.२. अर्धा दात कुठून आणणार? १९ टाकायची. किंचित जास्त दाखवेल, ते चालतं.

तुमच्या गाडीला केबल नसणार, सेन्सर असणार. तिथे पिनियनचं काम नाही.

सह्याद्री_रोडवेज

नानांच्या पोस्टने जुने दिवस आठवले. आमच्या वडिलांच्या ट्रकची केबल तुटली होती ती दोन वर्षं तशीच. भाड्याचा हिशेब दगडांवर. मी लहानपणी सुट्टीत सोबत जायचो, माझं काम दगड मोजायचं. पिवळ्या डोक्याचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्ग. वडील म्हणायचे, "पिवळा संपून हिरवा लागला की मला उठव." ते क्लीनरला गाडी देऊन मागे पडलेले असायचे.

विषयावर येतो. आम्ही एका गाडीला ९.००-२० काढून १०.००-२० घातले होते, तिथेही हाच प्रकार झाला. पण १०.०० आर२० काढून बिनट्यूबचे २९५/८० आर२२.५ घातले तेव्हा मीटरमध्ये फरक जाणवला नाही. रिम मोठी, पण भिंत कमी, व्यास जवळपास तोच. नुसता रिमचा आकडा बघून घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही, व्यास काढूनच बघायचा.

मीठगर

@टोमॅटोवाला, मीटरचा विषय चाललाय, पण मला त्याहून मोठी काळजी वाटते. २३५/७५ आर१५ हा बहुतेक करून एसयूव्हीचा साईज म्हणून विकला जातो. भिंतीवर साईजच्या पुढे काय लिहिलंय ते वाचा. १०५ असेल तर एका टायरला ९२५ किलो. १०९ असेल तर १०३० किलो. तुमच्या मूळ टायरवर काय आकडा होता तो स्टेपनीवर अजून आहे. नव्याचा आकडा त्यापेक्षा कमी असेल तर मीटर नंतर, आधी टायर बदला. मागच्या अॅक्सलवर क्रेट भरल्यावर किती वजन येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. घाटात उतरताना गरम टायर फुटला तर रस्ता माफ करत नाही.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीवरच्या नोंदी आणि कंपनीची मूळ रचना यांच्याशी विसंगत बदल करता येत नाहीत. विम्याच्या वेळी हे निघू शकतं, म्हणून विमावाल्याशी आधीच बोलून ठेवा.

टोमॅटोवाला_जुन्नर

@मीठगर, आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. नव्यावर १०९ आहे. स्टेपनीवर दोन आकडे आहेत, तिरकी रेघ मारून, त्यातला मोठा १०४.

मीठगर

१०४ म्हणजे ९०० किलो. दुसरा आकडा जोडचाकाचा, तुम्हाला लागू नाही. मग तुमचं वजनाचं ठीक आहे. जीव भांड्यात पडला.

ऑस्टिनकर

टेक्सासमधून लिहितोय. इथे पिकअपला मोठे टायर घालणं अगदी घरोघरी. ३३ इंची काढून ३५ घातले की सहा टक्के फरक. माझ्या गाडीला ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटला छोटं यंत्र लावून टायरचे मैलामागचे फेरे टाकले, दहा मिनिटांत काम झालं. शेजाऱ्याची १९९४ ची फोर्ड आहे. त्या काळच्या फोर्ड पिकअपला मीटरमध्येच हा आकडा बदलायची सोय होती, पण सहाच वेळा. म्हणून तो टायर घेण्याआधी महिनाभर विचार करतो.

इथे मालवाहतुकीच्या ट्रकला संघीय नियम आहे: ५० मैल वेगाला स्पीडोमीटर ५ मैलांच्या आत अचूक हवा.

हांबुर्ग_डेपो

मी इथे ट्रकच्या वर्कशॉपमध्ये आहे. युरोपात अवजड गाड्यांना टॅकोग्राफ सक्तीचा आहे, चालकाचे तास आणि वेग त्यात नोंदले जातात. त्याची तपासणी दर दोन वर्षांनी, आणि टायरचा घेर बदलला तर लगेच. तपासणीनंतर आम्ही केबिनमध्ये एक स्टिकर लावतो. त्यावर टायरचा साईज, टायरचा प्रत्यक्ष घेर आणि किलोमीटरमागे येणाऱ्या सिग्नलची संख्या लिहिलेली असते. पोलीस गाडी थांबवतात तेव्हा स्टिकरवरचा साईज आणि चाकावरचा साईज ताडून बघतात.

घेर आम्ही गणिताने काढत नाही, मोजतो. कारण टायर रस्त्यावर थोडा दबलेला असतो, खरा घेर कागदावरच्या घेरापेक्षा दोनतीन टक्के कमी भरतो. घरी करायचं असेल तर असं करा: हवा नेहमीइतकी, गाडी नेहमीइतकी भरलेली. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण. गाडी सरळ रेषेत ढकलत किंवा हळू चालवत दहा फेरे. जिथे खूण पुन्हा खाली येईल तिथे रेघ. टेपने मोजा, दहाने भागा. जुन्या टायरचंही तसंच करा. दोन्हींचा भागाकार हाच तुमचा खरा आकडा.

टोमॅटोवाला_जुन्नर

स्टेपनीवर करता येईल हे. गवंड्याकडून ३० मीटरची टेप आणतो रविवारी.

मग आता दुरुस्तीचं मनावर घ्यावं असं वाटतंय. दुसरंही एक कारण आहे. गाडीचं ॲव्हरेजही पडलंय, १३ चं साडेबारावर आलंय. आमच्या ड्रायव्हरशी त्यावरून दोन महिने कुरबुर चालू आहे. खेपेमागे एक लिटर जास्त जातंय. मागच्या महिन्यात पगारातून थोडे पैसे कापले, तेव्हापासून माणूस नीट बोलत नाही. असो, तो वेगळा विषय.

स्टेअरिंग_२२

वेगळा विषय नाही भाऊ. तोच विषय आहे.

मी इथे वाचतो, लिहीत नाही. बावीस वर्षं स्टेअरिंगवर आहे. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मास्तर वर सांगतात की तुमची खेप खरी ३१२ किलोमीटरचीच आहे, मीटर २९९ दाखवतो. तेरा किलोमीटर मीटरने खाल्ले. तुमची गाडी एका लिटरला तेरा देते. म्हणजे मीटरने बरोबर एका लिटरचं अंतर खाल्लं. गाडीने २४ लिटर पिऊन ३१२ किलोमीटर माल पोचवला, जसा ती आधी पोचवत होती. कागदावर २९९ दिसले आणि एक लिटर चोरीला गेलं. कुणी नेलं, तर ड्रायव्हरने.

माझ्याबरोबर हे झालंय. कुठल्या मालकाकडे ते सांगत नाही. टायर बदलले, रीडिंग कमी पडायला लागलं. माझ्याकडे एक छोटी डायरी असायची, पंपाची प्रत्येक पावती टाचणीने टोचलेली. मालकाने ती मागून घेतली, आणि परत दिली तेव्हा प्रत्येक पानावर लाल पेनाने एक प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. एकही शब्द नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. एकेका पानावर, सहा महिन्यांच्या. मी चोरी केली असती तर त्या लाल शाईचं काही वाटलं नसतं. मी त्या महिन्यात काम सोडलं. डायरी अजून घरी आहे, बायको टाकू म्हणते, मी टाकू देत नाही.

टायरचा भागाकार तेव्हा कुणी मला सांगितला नाही. आज सांगितला. तुम्ही आधी त्या माणसाला फोन करा, मग इलेक्ट्रिशियनला.

गणित_मास्तर

स्टेअरिंग_२२ यांचा हिशेब लिटरपर्यंत बरोबर आहे. ३१२ भागिले १३ बरोबर २४. २९९ भागिले २४ म्हणजे १२.४६, तुमचं "साडेबारा". मी सकाळी भागाकार केला आणि तिथेच थांबलो. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मीनल_हिशेब

मी एका ट्रान्सपोर्टचं डिझेल रजिस्टर सांभाळते. आजच आमच्या सगळ्या गाड्यांच्या टायर बदलल्याच्या तारखा रजिस्टरमधल्या ॲव्हरेजशेजारी लिहून काढल्या. दोन गाड्यांत उडी टायरच्या तारखेलाच आहे. त्यातल्या एका चालकाला आम्ही तंबी दिली होती. उद्या मालकांसमोर कागद ठेवते.

इतरांना सांगते: ॲव्हरेज एकदम, एका खेपेपासून पडलं आणि तिथेच टिकलं, तर टायर, मीटर, सेन्सर असं काहीतरी बदललंय. नोझल, फिल्टर, हवा यांनी ते हळूहळू उतरत जातं. आणि रजिस्टरमध्ये टायरचा साईज लिहायचा रकाना ठेवा. आमच्याकडे नव्हता, आजपासून आहे.

उलट बाजूही असते. टायर झिजत जातो तसा व्यास कमी होतो, मीटर जास्त किलोमीटर दाखवतो, ॲव्हरेज वाढल्यासारखं दिसतं. मग नवे टायर घातल्यावर चालक बिघडला असं वाटतं.

हांबुर्ग_डेपो

मीनलताई, अगदी खरं. आठ-नऊ मिमी नक्षी दोनवर आली की व्यास १२ ते १४ मिमी उतरतो. या साईजला जवळजवळ दोन टक्के.

कोकण_लाईन

"सोडून द्या" हे माझे शब्द मी मागे घेतो. चलनापुरताच विचार केला होता.

ऑटोवायर_भोसरी

कामाचं सांगतो, हाच माझा धंदा आहे.

या गाड्यांना वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो. त्याच्या तीन वायरी: पुरवठा, अर्थ, सिग्नल. सिग्नलच्या वायरीत एक छोटी डबी बसवायची. सेन्सरकडून शंभर ठोके आले तर ती पुढे १०४ पाठवते, किती पाठवायचे ते तुम्ही ठरवायचं. बाजारात तिला स्पीडो कॅलिब्रेटर म्हणतात. घेताना बघा की तुमच्या सेन्सरच्या जातीला चालते का, आणि १२ व्होल्टची आहे का. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, चुकीची लावली तर धूर निघतो.

डबी कुठे बसवायची हे महत्त्वाचं. सेन्सरची खबर मीटरला जाते आणि इंजिनच्या कॉम्प्युटरलाही. १ ऑक्टोबर २०१५ नंतरच्या नव्या मालवाहू गाड्यांना ८० चा स्पीड लिमिटर आला, तो याच खबरीवर चालतो. तुमच्या गाडीचा वेग आत्ता ८० ला अडत नसणार, खरा ८३ च्या पुढे जाऊन अडत असणार. म्हणून डबी सेन्सरच्या लगेच पुढे बसवा, फाटा फुटायच्या आधी. मग मीटर, लिमिटर, सर्व्हिसचे किलोमीटर सगळं एकदम जागेवर येतं. मीटरच्या मागे बसवली तर नुसतं मीटर सुधारतं.

जोड पिळून चिकटपट्टी मारू देऊ नका. सोल्डर, वर नळी आकसवून घ्या, आणि डबी चाकाच्या चिखलापासून लांब. @कोकण_लाईन यांचा काटा पावसात नाचायचा तो अशाच उघड्या जोडामुळे. ज्या गाड्यांचं मीटर एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकावरच्या सेन्सरवर चालतं, तिथे ही डबी चालत नाही, कोडिंगच करावं लागतं. गाडी वॉरंटीत असेल तर आधी लेखी विचारा.

वळणावरचा_ढाबा

मी पहिल्या प्रतिसादात स्टेपनीचं विचारलं होतं ते राहूनच गेलं. २१५ ची स्टेपनी मागे लावलीत तर दोन मागची चाकं वेगवेगळ्या फेऱ्यांनी फिरतील आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगळं फिरू देणारे मागच्या अॅक्सलमधले गिअर, आतल्या आत फिरत राहील, गरम होईल. पंक्चर मागे झालं तर पुढचं मोठं चाक मागे न्या आणि स्टेपनी पुढे लावा, तेही पंक्चरवाल्यापर्यंतच.

टोमॅटोवाला_जुन्नर

तीन दिवस काही लिहिलं नाही. स्टेअरिंग_२२, तुमची पोस्ट मी त्या रात्री चार वेळा वाचली.

फोन नाही केला, घरी गेलो. आमचे ड्रायव्हर काका गोठ्यात होते. मी मोबाईलवर तुमची पोस्ट उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, शेवटपर्यंत. मग म्हणाले, "मी तुला पहिल्याच आठवड्यात बोललो होतो, टायर घातल्यापासून दगड आणि मीटर जुळत नाहीत." बोलले होते. मला आठवलं. मी तेव्हा फोनवर आडत्याशी बोलत होतो आणि मान हलवली होती.

४१ खेपा झाल्या टायर बदलल्यापासून. कापलेले ३,५०० रुपये परत केले. त्यांनी मोजले नाहीत.

रविवारी अंगणात खडूचा प्रयोग आम्ही दोघांनी मिळून केला. क्रेटमध्ये माती भरून वजन केलं. काका गाडी चालवत होते, मी चाकाशेजारी वाकून फेरे मोजत होतो. पहिल्यांदा आठव्या फेऱ्याला खूण चिखलात पुसली गेली, मग काकांनी खडू ओला करून टायरच्या भिंतीवर जाड पट्टा ओढला, तो टिकला. नव्या टायरचे दहा फेरे २२.३३ मीटर. मग स्टेपनी पुढे डावीकडे लावून तिचे दहा फेरे २१.४२. भागाकार १.०४२५. मास्तरांचा कागदावरचा १.०४२६.

गणित_मास्तर

अंगणात, खडूने, चौथ्या दशांशापर्यंत. हा प्रयोग माझ्या नववीच्या वर्गाला दाखवणार आहे.

नाना_गॅरेज

काकांना माझा नमस्कार सांगा. दगड आणि मीटर ताडून बघणारा ड्रायव्हर आजकाल मिळत नाही.

टोमॅटोवाला_जुन्नर

सांगितला नाना.

काल डबी बसवून घेतली. ऑटोवायर यांनी सांगितलं तशीच सेन्सरच्या पुढे, जोड सोल्डर केलेले, चेसिसच्या आतल्या बाजूला. सव्वाचार टक्के टाकले. दगडांवर तपासायचं होतं, पण पुणे-नाशिक रस्त्यावर बायपास झाल्यापासून दगडांचा मेळ लागत नाही. मग आजच्या खेपेला एक्सप्रेसवेवरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर तपासलं. डबीच्या आधी वीस किलोमीटरला मीटर १९.२ दाखवत होता. आज वीसला वीस.

काट्याचं पुन्हा आधीसारखं झालं, मीटरवर ८० तेव्हा जीपीएसवर ७७. आता ते तसंच असू दे, त्याचं कारण कळलंय. पूर्ण खेप ३१२, डिझेल २४ लिटर आणि थोडं वर. ॲव्हरेज १२.९.

मीठगर

तेवढा शून्य पूर्णांक एक रुंद टायरचा. तो खरा आहे, तो कुठे जाणार नाही.

स्टेअरिंग_२२

वाचलं भाऊ. काकांना माझा रामराम.

वळणावरचा_ढाबा

आणि स्टेपनी?

टोमॅटोवाला_जुन्नर

पाचवा टायरही २३५ चाच घेतला. जुनी स्टेपनी काकांनी त्यांच्या बैलगाडीला मागून घेतली, तिथे मीटर नाही म्हणाले.

स्टेअरिंग_२२

😄 लावा म्हणावं, पण दोन्ही चाकं एकाच मापाची ठेवा.

टोमॅटोवाला_जुन्नर

त्यांनी दुसरा २१५ आधीच बघून ठेवलाय.